गोठ्यातला चषक

– नाही हो, माफी कसली मागताय, बसा नीट. डोंगरावर नेणारी ही दोरावरची खुर्ची एकदा मधेच अडकली की बराच वेळ हलत नाही, आणि खाली बघू नका, गरगरतं. सकाळी उतारावर मला मागे टाकून गेलात त्या तुम्हीच ना – लाल टोपी, लगेच ओळखलं. मी राजकन्या लिओपोल्डिना. हो, तीच, बिस्किटाच्या डब्यावरची. पोल्डी म्हणा. बाहेरगावच्या ना तुम्ही? तरीच. आमच्याकडे राजघराण्यातल्या माणसाच्या पुढे जायचं नसतं. दारातून नाही, जिन्यावर नाही, आणि स्कीवर तर नाहीच नाही. अकरा वर्षं मी इथली विजेती आहे – चषक ठेवायला जागा नाही, एकात आई लोणच्याच्या काकड्या ठेवते.

पोहायला उतरले की सगळा दरबार बदकाच्या पिल्लांसारखा मागे. टेनिसला बॅरन हुबर्ट – ते बघा, मागच्या खुर्चीत झोपेचं सोंग घेऊन बसलेत – त्यांच्या पायात दर वेळी गोळा येतो. एकदा तर मी चेंडू मारायच्या आधीच आला. आणि मागच्या वर्षीची गंमत – म्हणजे गंमत कसली – शर्यतीत धुकं होतं, मी वळण चुकले आणि थेट गावातल्या आयग्नर आजोबांच्या गोठ्यात. वळून बघते तर अख्खी शर्यत मागोमाग गोठ्यात शिरतेय, एकेक जण कमरेत वाकून मला मुजरा करतोय आणि मी दोन गाईंच्या मधे अडकलेली. कोणी म्हणावं ना, पोल्डी, चुकलीस? छे. शर्यत संपल्याची रेघच उचलून गोठ्यात आणली, चषक तिथेच दिला. आजोबा तेवढे चिडले, गाभण गाय बुजली म्हणून. मग बाबांनी गाईला पदक दिलं.

हसा, हसा. मीही हसते. पण पुढच्या आठवड्यात देशातर्फे मला परदेशी शर्यतीत पाठवतायत – अकरा वर्षांची विजेती म्हटल्यावर दुसरं कोणाला पाठवणार? तिथे माझ्यासाठी कोण थांबणार आहे? आणि मला – हे तुम्हाला का सांगतेय मी – मला माहीतच नाही हो, मला स्कीइंग येतं की नाही. बरी आहे की अगदीच ढ आहे? एवढी घोडी झाले, कळू नये? आणि आज तुम्ही 'बाजूला हो गं' म्हणून सर्रकन पुढे – मला बाहेरचं कोणी कधी 'गं' म्हटलं नव्हतं. राग आला, इतका राग आला, आणि मग वाटलं, हिला गाठायचंच. म्हणून तर बॅरनना ढकलून या खुर्चीत घुसले.

हलली बघा. तर ऐका, वर पोचलो की आपण दोघी, खालच्या घंटाघरापर्यंत. हो, लगेच. हरले तर बाबांना सांगते, दुसऱ्या कोणाला पाठवा, मला जमत नाही. जिंकले तर जाईन, भीत भीत का होईना. फक्त खरं खेळा. पायात गोळा आणू नका, बूट सैल झाला म्हणू नका, माझी शपथ आहे.

उतरा, डोकं सांभाळा. मी तीन म्हणेन, मग निघायचं. एक. दोन – अहो. अहो बाई, तीन राहिलंय अजून.

गेली. थांबलीसुद्धा नाही.

बाजूला हो रे, बॅरन.