चौथा गेम

अठ्ठ्याण्णव साल. कराडात याकूबभाईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझा नंबर दुसरा होता. पुढं उंब्रजचे एक गृहस्थ होते. चादरीत बांधून आणलेला मुलीचा सीपीयू त्यांनी काउंटरवर ठेवला.

"ह्याच्यात रॅम वाढवा, याकूबभाई."

"बत्तीस हाय की, अण्णा. मयूरीच्या अभ्यासाला लय झाली."

"अभ्यासाला न्हाई. एकच गेम एका टायमाला चारदा उघडती. चौथा उघडला की समदं अडकतं."

"एकटीला चार कशाला? तो गेम चार मशीन जोडून चौघांनी खेळायचा असतोय."

"तसाच खेळायच्या की. कॉलेजात, चौघी मैत्रिणी."

"मग बोलवा की त्यास्नी."

"तिघी औंधला यमाईला निघालेल्या. जीप उलटली. मयूरीला ताप होता, म्हणून ही घरी ऱ्हायली."

याकूबभाईंनी चादर सोडून सीपीयूचं झाकण काढलं.

"आता चौघींची नावं टाकून एकटीच खेळती."

"अण्णा, बोर्ड जुना हाय. बत्तीसच्या वर घेत न्हाई. तीन चालतील. तिला म्हणावं, एक बंद कर."

"म्हणून बघितलं."

"मग?"

"तिनं सवताचाच बंद केला."