दोन केबलचा एक रस्ता

जबाब देणार: सगळ्या इमारतीत 'वायरताई' म्हणून ओळख. वय ४९ वर्षे. काम: दातांच्या दवाखान्यात संगणक-नेटवर्कची देखभाल. राहणार: दवाखान्यामागची गल्ली, दुसरा मजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी अकरा वर्षे काम करते. मी यंत्र लावून लोकांचे खासगी बोलणे चोरून ऐकते, अशी तक्रार आमच्या मुख्य लिपिकांनी दिली आहे. त्यांना सगळे कलमकाका म्हणतात, कारण नियमाचे कलम सांगितल्याशिवाय त्यांचे एकही वाक्य पुरे होत नाही.

गेल्या सोमवारपासून रोज अकरा ते एक या वेळात वरच्या मजल्यावर काढलेले एक्स-रे खाली डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर पोहोचेनासे झाले. बुधवारी एक पेशंट खुर्चीत वीस मिनिटे आ वासून बसला. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "ताई, त्याचा जबडा मिटतो की नाही, तेवढंच बघायचं राहिलंय. शुक्रवारपर्यंत नीट करा, नाहीतर मी दुसरं माणूस बघते."

गुरुवारी मी वरच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या डब्यात, केबल खोचायचा एक पोर्ट आरशासारखा लावला. खाली जाणाऱ्या केबलमधून जे जाते त्याची नक्कल त्या पोर्टवरून माझ्या लॅपटॉपला मिळते. जबाब घेणाऱ्या हवालदारांनी विचारले, "म्हणजे लोकांची पत्रं फोडता?" तसे नाही. पाकिटावरचा पत्ता आणि वजन तेवढे कळते. आतले कुलूपबंद असते.

एकाच टेबलावरून अकराच्या ठोक्याला त्याच केबलमधून काहीतरी भलेमोठे बाहेर जाऊ लागले; वजनावरून ते हलते चित्र असावे. केबल धरत धरत मी त्या टेबलापाशी गेले. खुर्ची रिकामी होती. तिथे काय पाहिले ते मला सांगायचे नाही. हवालदार म्हणाले, "मग मी लिहू काय?" मी म्हणाले, "केबल सापडली, एवढंच लिहा."

मी ती केबल काढली नाही. कपाटातून नवी केबल आणून वरच्या आणि खालच्या स्विचचे दोन-दोन पोर्ट एकत्र बांधले. दोन केबल मिळून एक रुंद रस्ता होतो. ते करताना दीड मिनिट सगळे बंद पडले व स्वागतकक्षातल्या बाईंनी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. साडेबाराला एक्स-रे सुरळीत झाले. माझ्या लॅपटॉपकडे एकदा बघून कलमकाका निघून गेले. संध्याकाळी तक्रार आली.

टेबल कोणाचे, असे मला तीनदा विचारण्यात आले. मी 'केबल सापडली' एवढेच सांगत राहिले. चौथ्यांदा विचारले तेव्हा बाहेर बाकावर बसलेले कलमकाका आत आले.

"माझं. लिहा. घरी आई आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची. सांभाळणारी बाई अकराला जाते, बहीण एकला येते. मधल्या वेळात सारखी विचारते, माझा मुलगा कुठाय. पडद्यावर दिसलो की शांत बसते."

हे कोणत्या कलमात बसते, असे हवालदारांनी विचारले. काकांना एकही कलम आठवले नाही. मग ते माझ्याकडे वळले. "आई म्हणाली, एक बाई येऊन बसली होती. तुम्हीच ना?"

तेव्हा मला सांगावे लागते की, पडद्यावरच्या आजींनी मला विचारले, "कोण गं तू? माझा मुलगा कुठाय?" मी म्हणाले, "पाणी प्यायला गेलाय, हा आलाच." आणि काकांची चाहूल लागेपर्यंत नऊ मिनिटे त्या खुर्चीत बसले. बोलणे ऐकले म्हणायचे तर एवढेच ऐकले.

काकांनी तक्रार मागे घेतली. उद्यापासून चित्र लहान करतो, असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले, "अजिबात करू नका. आजींना चेहरा ओळखू यायला हवा."

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'पोर्ट'च्या जागी सगळीकडे 'पोट' पडले होते, ते सुधारून घेतले. बाकी मी बोलले तसेच आहे.