माझी गाठ आणि नणंदेचा लोभ

तुम्हाला सांगते, मान अवघडली म्हणून स्कॅन काढलं, तर थायरॉईडमध्ये गाठ दिसली! घरात कॅन्सरची कुजबुज सुरू झाली. मीही घाबरले, पण मी कुठली दाखवतेय! धाकटी नणंद माढ्याहून रडतच आली. डोळे पुसत म्हणाली, "वैनी, तुमचं शेंगाचटणी कुटायचं उखळ मला द्या की. आठवण म्हणून."

"आदी डॉक्टर काय म्हणतोय ते तर ऐक, सखू!" म्हणत मी तिलाही सोबत नेलं.

सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले, "आजी, अशा गाठी पुष्कळ जणांना असतात, भलत्याच कारणानं तपासलं की सापडतात. बहुतेक कॅन्सरच्या नसतात. तुमची साधीच दिसते. वर्षानं परत बघू."

सखूचं तोंड पडलं. मी तिला धरून तिथल्याच तपासणीच्या पलंगावर बसवलं.

"डॉक्टर, आता हिचाबी गळा बघा. हिच्या पाटल्या मला लई आवडत्यात."