माझा मृत्युलेख, टीप क्रमांक चौदा

...आणि वर मेणबत्त्या! त्रेचाळीस मेणबत्त्या, तुम्हाला सांगतो, मोजल्या मी! खऱ्या नव्हेत हो, पडद्यावरच्या, एक कळ दाबली की एक पेटते, त्यात कुणाच्या बापाचं काय जातंय... पण ज्या माणसांनी नऊ वर्षांत मला कधी साधा नमस्कार घातला नाही, माझं एक वाक्य दिसलं की ज्यांचे हात शिवशिवायचे ते पुसायला, ती माणसं खाली लिहितायत, ‘एक मृदू स्वभावाचा सहकारी हरपला’! मृदू! मी! हे मी गेर्डाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्यानं वाचून दाखवलं, तर तिच्या नाकात कॉफी गेली हसून हसून. म्हणाली, “याला मात्र कुणीतरी संदर्भ मागायला हवा होता!”

कोण मेलं म्हणता? मी! मी मेलो! थोर्किल लुंडगोर, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम ऑर्हूस, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सकाळी राईचा पाव खातो, सायकल हाणतो, जिना चढताना डावा गुडघा कुरकुरतो. आता मला सांगा, मेलेल्याचा गुडघा कुरकुरतो का? पण हे तुम्हाला पटेल, मला पटेल, आमच्या मंडळींना नाही पटणार. ती म्हणणार, संदर्भ द्या!

मंडळी म्हणजे नेटवरच्या त्या ज्ञानकोशाची. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं पुसावं, आणि कुणालाच दमडी मिळत नाही, म्हणून तर भांडणं इतकी जीव तोडून होतात. मी तिथं गेलो एका वाक्यासाठी. एकाच! माझं गाव टॉर्नहोल्म, बेट आहे ते, आणि बेटावरून पलीकडे जायला एक फेरीबोट, तिचा तांडेल माझा बाप, आक्सेल. त्या फेरीबोटीवर लेख आहे ज्ञानकोशात, आणि त्यात लिहिलंय, ‘साठच्या दशकातल्या भीषण हिवाळ्यांतही आक्सेल लुंडगोर यांनी फेरी एक दिवस बंद पडू दिली नाही.’ वर बारीक आकडा, आकडा दाबला की खाली संदर्भ, जिल्ह्यानं दिलेल्या पदकाची नोंद. सगळं कसं चोख!

आणि सगळं खोटं! अहो, बाप माझा पडला होता धक्क्यावरच्या बर्फात घसरून, साल एकोणीसशे साठ, नोव्हेंबरात. कंबर गेली. उन्हाळ्यात कसाबसा उभा राहायचा सुकाणूशी, थंडी पडली की पलंगावर आडवा, पत्ते लावत. सहा हिवाळे! आणि सहा हिवाळे फेरीबोट चालवली माझ्या आईनं, एलनानं. बापाचा तेलकट कोट, बापाची टोपी कानापर्यंत ओढलेली, हातात लोखंडी पहार, पुढचा बर्फ फोडायचा आणि बोट घुसवायची. मी असायचो ना बरोबर, दोर धरायला! तिच्या बोटांची सालं निघालेली पाहिलीत मी, रात्री ती हात गोड्या तेलात बुडवून बसायची.

मग लिहून का नाही ठेवलं कुणी? अहो, कसं ठेवणार! परवाना बापाच्या नावावर. पलीकडच्या कचेरीत कळलं असतं की बाई चालवतेय, तर परवाना गेला असता, आणि घर फेरीचंच होतं, म्हणजे घरही गेलं असतं. तेव्हा अख्ख्या बेटानं तोंडाला कुलूप घातलं. पाद्री गप्प, मास्तर गप्प, दुकानदार गप्प. तपासणीस आला की सगळे म्हणायचे, आक्सेल ना, आत्ताच पलीकडे गेला. शेवटी पदक मिळालं बापाला. बापानं घेतलं हो, निमूट! आणि त्या दिवशी त्याच्या कोटाला इस्त्री कुणी केली होती? आईनं.

आता लिहिलं मी, सरळ, एक वाक्य, की बोट आई चालवत होती. दहा मिनिटांत साफ! कुणी पुसलं? प्रेबेननं. हा प्रेबेन म्हणजे ओडेन्सचा निवृत्त गणिताचा मास्तर, आमची कधी गाठ नाही पडली, पण त्याचा सूर मला पाठ आहे. ‘आदरणीय सहकारी, आपण जोडलेले वाक्य रोचक आहे. कृपया संदर्भ द्या.’ मी लिहिलं, अहो, मी स्वतः बोटीत होतो! ‘आदरणीय सहकारी, आपण बोटीत असणे हा संदर्भ नव्हे.’ मी चिडून खरं नाव-गाव घातलं, की मी थोर्किल लुंडगोर, एलनाचा सख्खा मुलगा आहे! तर म्हणतो, ‘असे असेल तर आपण या विषयावर लिहूच नये, आपले हितसंबंध गुंतलेले आहेत.’ हितसंबंध! आई म्हणजे हितसंबंध! एकसष्ट वेळा घातलं मी ते वाक्य नऊ वर्षांत, एकसष्ट वेळा त्यानं काढलं, आणि दर वेळी तेच... संदर्भ द्या!

शेवटी या मार्चमध्ये माझं डोकं सटकलं. लिहिलं सरळ त्याला, ‘मी चाललो. कायमचा. आता माझं तोंड दिसणार नाही तुम्हाला. बसा तळटिपा चघळत.’ तसं आमच्यात प्रत्येक जण वर्षातून एकदा कायमचा जातो आणि गुरुवारपर्यंत परत येतो, त्यात विशेष काही नाही. पण या खेपेला गेर्डानं मला शपथ घातली, एक महिना त्या यंत्राला हात लावायचा नाही. मी नाही लावला. तिथंच सगळं फिसकटलं.

कारण त्याच आठवड्यात एसब्येर्गला माझा चुलतभाऊ वारला. त्याचं नाव? थोर्किल लुंडगोर! आजोबांचं नाव दोघा भावांनी आपापल्या मुलाला ठेवलं, कुणी मागे हटेना. जन्म बेटावरचाच, वय एका वर्षानं मागंपुढं. मी स्वतः गेलो होतो त्याला पोचवायला, नंतरची कॉफी प्यायलो, केक खाल्ला दोन तुकडे. मला काय माहीत, की मी माझ्याच मयताचा केक खातोय!

आणि हा प्रेबेन रोज सकाळी सगळ्या पेपरांतल्या मृत्यूच्या जाहिराती वाचतो. आमच्यात अशी एक जमातच आहे, कुणी गचकलं की ज्ञानकोशात तारीख पहिली कोण टाकतो याची त्यांच्यात चढाओढ असते. त्याला दिसलं, थोर्किल लुंडगोर, टॉर्नहोल्मचे. आणि चारच दिवसांपूर्वी मी लिहिलेलं, कायमचा चाललो, तोंड दिसणार नाही... झालं! बसला की मनाला लावून. माझ्या पानावर काळी चौकट आली, खातं गोठवलं, पानाला कुलूप ठोकलं. मेलेल्याच्या नावानं कुणी चाळे करू नयेत म्हणून तसा रिवाजच आहे, मीच मत दिलं होतं त्याला!

महिना संपला, मी यंत्र उघडतो, तर ही रांग मेणबत्त्यांची. खातं बंद, म्हणून निनावी लिहिलं, ‘मी जिवंत आहे.’ दोन मिनिटांत पुसलं. ‘मृतांची थट्टा सहन केली जाणार नाही. शिवाय, संदर्भ द्या.’ पुन्हा लिहिलं, अहो, मीच तो, थोर्किल! ‘स्वतःविषयी स्वतः लिहू नये.’ तिसऱ्यांदा जरा शिवी घातली, तर आठवडाभर बंदी. मी जळफळतोय, आणि गेर्डा शांतपणे म्हणते, “मेलायस ना? मग आज जेवायला एकच ताट काढते.”

पण मग तीच उठली. माझ्या हनुवटीखाली त्या दिवसाचा पेपर धरला, फोटो काढला, पळवून नेलेल्या माणसाचा काढतात तसा. पिवळं आरोग्यकार्ड जोडलं, पारपत्र जोडलं. म्हणाली, “पाठव आता तुझ्या मंडळींना, आणि मेणबत्त्या विझव एकदाच्या.” मी पाठवणार, बोट कळीवर... तेवढ्यात सवयीनं, निव्वळ सवयीनं हो, फेरीबोटीचा लेख उघडला.

आणि वाक्य तिथं होतं.

‘१९६० पासून पाच हिवाळे ही बोट प्रत्यक्षात आक्सेल यांच्या पत्नी एलना लुंडगोर यांनी चालवली.’ तिचं नाव, पूर्ण नाव! रडलो मी. लपवायचं काय त्यात, चौऱ्याहत्तरचा माणूस टेबलावर डोकं टेकून रडलो. गेर्डा आली, तिनं वाचलं, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “आकडा आहे बघ पुढं. चौदा.”

दाबला चौदा. खाली काय, तर आमच्या बेटाचं साप्ताहिक, तारीख एप्रिलची, लेखाचं नाव... ‘थोर्किल लुंडगोर यांचे निधन’! प्रेबेननं संपादकाला पत्र लिहिलेलं, संपादक नवा, पोरसवदा, त्यानं छापलं जसंच्या तसं. त्यात आईची सगळी हकिकत, कोट, टोपी, पहार, आणि तीसुद्धा माझ्याच शब्दांत, मीच नऊ वर्षं त्याच्याशी भांडताना लिहिलेली! म्हणजे मी जिवंतपणी सांगितलं ते खोटं, आणि तेच मी मेल्यावर त्यानं छापून आणलं की खरं!

फोटो तसाच राहिला. म्हटलं, आधी विचारून तर बघू. प्रेबेनच्या पानावर फोन नंबर असतो, शंकांसाठी, दहा ते बारा. लावला. म्हटलं, मी लुंडगोरांचा नातेवाईक बोलतोय. लगेच त्याचा आवाज पडला. “जवळचे का?” म्हटलं, फार जवळचा. तर म्हणतो, “माझ्यामुळं गेले हो ते. एकसष्ट वेळा काढलं मी त्यांच्या आईला. नियम मी आयुष्यात कधी मोडला नाही, हाही मोडलेला नाही... जरा वाकवला. एकदाच.” आणि नाक शिंकरलं त्यानं! नऊ वर्षं ज्याला मी मनातल्या मनात धक्क्यावरून ढकलून देत होतो, तो माझ्यासाठी नाक शिंकरतोय, आता मी काय करावं?

म्हटलं, बरं, समजा, नुसतं समजा हं, की ते लुंडगोर जिवंत निघाले, तर? क्षणात मास्तर परत आला. “मग ती बातमीच चुकीची ठरेल. माणूस जिवंत की मेला हे ज्या पेपराला कळत नाही, त्याच्या बाकीच्या मजकुरावर विश्वास कसा ठेवणार? वाक्य काढावं लागेल. मलाच काढावं लागेल.” मी म्हटलं, नाही नाही, मेलेत ते, पक्के मेलेत. पण फोन ठेवता ठेवता राहवलं नाही हो, म्हटलं, एक सांगू का, हिवाळे पाच नव्हते, सहा होते. तर म्हणतो, “असतील. संदर्भ द्या.”

दोन दिवस मी घरात येरझारा घातल्या. एक कळ दाबली की मी जिवंत, आणि आई पुसली जाणार. नाही दाबली तर ती राहणार, एक हिवाळा कमी, पण राहणार. तिसऱ्या दिवशी बेटावरून केट्टीचा फोन. ही केट्टी म्हणजे दुकानदाराची मुलगी, आता ऐंशीची, दुकान अजून तीच चालवते, दर मे महिन्यात मला धुरावलेले हेरिंग मासे पाठवते. म्हणते, “पार्सल नेहमीसारखंच ना रे, थोर्किल?”

“केट्टी, अगं, मी मेलोय!”

“वाचलं की. छान लिहिलंय.”

“मग तुम्ही कुणी त्या संपादकाला सांगितलं कसं नाही? तुला माहितीय मी जिवंत आहे, पाद्र्याला माहितीय, सगळ्या बेटाला माहितीय!”

“सगळ्या बेटाला तेव्हाही माहीत होतं,” ती म्हणाली. “एलनाचं नाव छापून आलंय रे. आम्ही ठरवलंय, कुणी बोलायचं नाही. तूही गप्प बैस. पार्सलवर मी गेर्डाचं नाव घालते.”

संपलं. अख्खं बेट दुसऱ्यांदा तोंडाला कुलूप घालून बसलंय, आणि मी कोण लागून गेलो ते उघडणारा? तेव्हा मंडळी, तुम्हाला सांगतो, मी मेलोय. फेरीबोटीच्या लेखात स्पेलिंगच्या दोन चुका दिसतायत रोज, हात शिवशिवतात, पण मेलेला माणूस चुका कशा दुरुस्त करणार! मेणबत्त्या आता सत्तावन्न झाल्यात. आणि तो मूर्ख प्रेबेन... मूर्ख म्हणवत नाही आता, हीच तर पंचाईत.

परवा गेर्डा म्हणाली, “सगळं ठीक आहे रे, पण तू खरंच गेलास तर? मी पेपरात जाहिरात द्यायची की नाही?” म्हटलं, खबरदार! दुसरी तारीख छापून आली की पहिली खोटी पडली, प्रेबेन सकाळी कॉफी पिता पिता वाचणार आणि दहा वाजता आई लेखातून बाहेर. तेव्हा मला गुपचूप पोचव, केक कर, पण एक ओळ छापायची नाही.

“आणि कुणी विचारलं तर?”

म्हटलं, सांग, ती बातमी कधीच छापून आली. संदर्भ दे.