बैलाचा पाय न लागलेली भाजी

सन्माननीय अध्यक्षा प्राचार्या संघमित्राताई, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, रसायनशास्त्र विभागातले सर्व सहकारी आणि आजच्या सत्कारमूर्ती बकुळाताई परब, नमस्कार. मी हितेंद्र सावंत. या कॉलेजशी माझा काही संबंध नाही. लालबागला ताईंच्या शेजारच्या खोलीत राहतो, एवढीच माझी पात्रता.

ताईंनी इथे चौतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, द्रावणं तयार केली, हे आपण ऐकलंत. मी अळूबद्दल बोलणार आहे.

गेल्या वर्षी जुलैत आमच्या चाळीत कमरेएवढं पाणी शिरलं. ओसरलं तेव्हा मागच्या अंगणात वीतभर काळा गाळ. मी मूळचा देवगडचा. असा गाळ बघून हात शिवशिवणार नाहीत तर काय? सगळा अळूच्या वाफ्यात ओढला. महिन्याभरात पानं सुपाएवढी झाली. माझी दीड वर्षाची नात अक्षदा दिवसभर तिथेच खेळायची, मातीचे हात तोंडात घालायची.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाची नसलेली भाजी लागते. मग अंगणातल्या अळूइतकं सोवळं दुसरं काय? सकाळी चाळीचं मोठं पातेलं चढलं आणि ताई हातात कागद घेऊन आल्या. वाफ्यातली मूठभर माती त्यांनी कॉलेजात तपासून घेतली होती.

"यात शिसं आहे, भरपूर. कुणी खाऊ नका."

माझी आई राधाबाई म्हणाली, "अगो, बैलाचो पाय लागूक नाय हेका."

"बैलाचा नाही लागला, काकी. गिरणीचा लागलाय. चाळीमागे तिचं कापड रंगवायचं खातं होतं, तिथली माती पुराबरोबर आलीय."

मंडळी, ती गिरणी बंद होऊन चाळीस वर्षं झाली. भोंगा गेला, माणसं गेली. शिसं तिथेच बसून होतं, सडलं नाही, विरलं नाही. पाणी आलं तसं उठून आमच्या दारात आलं. आणि त्याचा संशय आला कुणाला, तर नळ्या धुणाऱ्या बाईला. मी आजही थक्क होतो.

त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "तुमच्या बाटल्या धुवा, आमच्या पातेल्यात नाक घालू नका."

ताईंनी अक्षदाचे हात धुतले. म्हणाल्या, "हिचं रक्त तपासून आणा, हितेंद्रभाऊ. मग काय बोलायचं ते बोला."

गॅस आईनेच बंद केला. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

आता पोर बरी आहे. ती बघा, पहिल्या रांगेत पेढा खातेय, हात धुऊन.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. शेवटी चुकीची माफी मागायची रीत असते. ताई, त्या सकाळच्या बोलण्याची माफी मागायला मला वर्ष लागलं. ती आज सगळ्यांसमोर मागतो.