संताची भरपगारी सुटी

...आणि वर मलाच विचारतो, "मिलुंकाबाई, हा संत निकोला आपल्याकडे कामाला आहे का?" आता हसू की रडू? तुम्हाला सांगते, तीस वर्षं झाली मला सर्बियातल्या या चाचाकमध्ये लोकांचे पगार काढायला, स्क्रूच्या कारखान्याचे काढले, बेकरीचे काढले, पण असा प्रश्न... छे!

चूक माझीच म्हणा. मला जर्मन येतं, त्यालाही येतं, म्हणून या डेन्मार्कच्या टोर्बेनसाहेबांनी खिडक्यांचे आराखडे काढायला आमच्या गावची सात माणसं ठेवली आणि त्यांच्या पगाराचं लचांड माझ्या गळ्यात! पहिल्याच महिन्यात फोन. "हे गरम जेवण काय आहे?" म्हटलं, भत्ता आहे साहेब, जेवणाचा. "गरमच का? थंड खाल्लं तर कापायचा?" पुढच्या महिन्यात, "माणूस सुटीवर जाणार, त्याचा पगार मी देणार, आणि वर सुटीचा भत्ताही मीच द्यायचा?" अहो साहेब, म्हटलं, कायद्यात आहे तसं, मी नाही हो लिहिला कायदा, मी फक्त पगार काढते!

बरं, आता ओग्नेनचं ऐका. सातांतला सगळ्यात गुणी पोरगा. वडील गेल्या वर्षी गेले, बायको तियाना सातव्या महिन्यात, घरावर बँकेचं कर्ज, आणि हा कारखान्यातली पक्की नोकरी सोडून साहेबाकडे आलेला. सहा महिने चाचणीवर. म्हणजे साहेबाचं डोकं फिरलं की आठवडाभराची मुदत आणि चालते व्हा! नोव्हेंबरात याने शेजारणीच्या ऑपरेशनला रक्त दिलं. दोन दिवस भरपगारी रजा. झालं, फोन! "एका बाटलीला दोन दिवस? मग हा दर आठवड्याला देईल!" "साहेब, माणूस आहे तो, नळ नाही!" "पण दोन दिवस कोणी ठरवले?" मी नाही हो, मी फक्त पगार काढते!

आणि मग आला डिसेंबर... एकोणीस तारीख, संत निकोला, ओग्नेनच्या घरची स्लावा. सुटीचा अर्ज गेला, साहेबाचा फोन आला. "वाढदिवस कुणाचा?" कुणाचा नाही, घराण्याच्या संताचा दिवस. "घराण्यात संत कोण होता?" कुणी नव्हता! "मग सुटी कशाची?" कायद्याची! आपापल्या स्लावाला प्रत्येकाला एक दिवस भरपगारी. तेव्हाच ते विचारलंन, संत कामाला आहे का म्हणून. मग म्हणतो, "ठीक आहे, आमंत्रणपत्रिका पाठवा, फाइलला लावतो." पत्रिका! अहो, स्लावाला कोणी कुणाला बोलावतं का? यायचं त्याने यायचं, घरच्यांनी दार उघडं ठेवायचं. बोलावलं तर लोक नावं ठेवतील. हे मी त्याला समजावायच्या आत याने ओग्नेनलाच फोन लावला, मोडक्या इंग्रजीत. "मला बोलावतोस का?" आणि आमचा शहाणा... गप्प! रीत पाळतोय! अरे मेल्या, एकदा 'या' म्हणाला असतास तर काय जीभ झडली असती?

"पाहिलंत?" साहेब मला म्हणाला. "समारंभबिमारंभ काही नाही. थापा मारतोय. आधी रक्त, आता संत! काढून टाका. पत्र तयार करा, मी स्वतः येऊन देतो." आणि ते पत्र टाइप कुणी केलं? मी! तियानाचं पोट डोळ्यांसमोर, आणि इकडे माझी बोटं टकटक... लाज वाटली हो मला. ओग्नेनला आधी सांगावं, तर वडिलांच्या जागी पहिल्यांदाच यजमान म्हणून उभा राहणार होता तो. कुठल्या तोंडाने सांगू?

एकोणीसला साहेब थाप उघडी पाडायला ओग्नेनच्या घरी हजर. कोटाच्या खिशात पत्र, बरोबर मी, दुभाषी! दार उघडंच. ओग्नेनची आई, स्तामेनाबाई, हिने कोण-कुठला काही विचारलं नाही. उकडलेल्या गव्हाचा चमचा तोंडात, रकिया दारूचा पेला हातात, आणि, "बसा, बसा!" साहेब बसला. नाताळाआधीचे उपासाचे दिवस, म्हणून मांस नाही... नुसता मासा, दुसरा मासा, भाजलेल्या घेवड्याचं पातेलं, अक्रोडाच्या वड्या. साहेब खिशाकडे हात नेतो, बाई हातात पाव देते. पुन्हा नेतो, पेला भरते! दर पाच मिनिटांनी नवीन माणूस आत. "यांना कोणी बोलावलं?" कुणी नाही. "मग आले कसे?" तुम्ही कसे आलात, साहेब? मग हळूच विचारतो, "ओग्नेन सकाळपासून बसला का नाही?" म्हटलं, यजमान आज बसत नाही, पाहुण्यांना वाढतो. साहेब त्याच्याकडे बघतच राहिला. पोराचे पाय सुजलेले, पण चेहऱ्यावर... काय सांगू, त्याच्या बापाची आठवण आली मला.

निघताना स्तामेनाबाई वड्या बांधून द्यायला कागद शोधत होती. साहेबाने खिशात हात घातला... आणि ते पत्र त्याने तिच्या हातात दिलं. "यात बांधा." माझं टाइप केलेलं, सहीशिक्क्याचं! बांधल्या हो वड्या!

सुटले, म्हटलं. कसली सुटतेय! वीस जानेवारी, संत योव्हान, माझ्या घरची स्लावा. भट्टीत मांस, घरात तीस माणसं, आणि दारात टोर्बेनसाहेब! न बोलावता! हातात वाइनची बाटली, मागे सातही जण. "अहो, हे कामावर नाहीत?" "सुटी दिली. तुमच्या स्लावाची, भरपगारी." "साहेब, कायद्यात स्वतःच्या स्लावाची सुटी आहे, पगार काढणारीच्या नाही!" "कायद्यात नाही?" तो म्हणतो, "मग आपल्या कंपनीच्या नियमांत घाला. आत्ताच घाला, मी सही करतो."

म्हणून तुम्हाला सांगते, बाहेर सगळे माझ्या स्लावाचं खातायत, पितायत, आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून लिहितेय... कलम अकरा, सर्वांना सुटी. मला नाही, मी पडले स्वतःच्या धंद्यातली. आणि उद्या कोणी विचारलं, हा नियम कोणी लिहिला, तर आता सांगू तरी काय?