आवाज संपल्यानंतरचे पाच सेकंद

सन्माननीय अध्यक्ष आणि इलोइलो व्हिडिओकार संघाचे प्रमुख सर अर्नुल्फो, व्यासपीठावर विराजमान फादर देल्फिन, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे गुरू, आपल्या सगळ्यांचे थोरले दादा नोंग सेरापियो, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या थोरल्या ताई नांग बेलेन, आणि पान्सितच्या शेवया गार होतील या काळजीने माझ्याकडे बघणाऱ्या तमाम बंधुभगिनींनो,

मी ग्लेंडा. गेली चौदा वर्षं नोंग सेरापियोंच्या स्टुडिओत, त्यांच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून मी लोकांच्या लग्नांच्या, बाप्तिस्म्यांच्या आणि अंत्यविधींच्या फिल्म जोडते. संयोजकांनी बजावलंय, दहा मिनिटांत आटप आणि लोकांना हसव. दोन्हींपैकी एक तरी जमेल असं वाटतं.

तीस वर्षं पडद्यामागे राहून आज निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल काय बोलावं? कॉम्प्युटर सांगतो, शंभर टक्के, फाइल तयार. तुम्ही-आम्ही लगेच सुटकेचा श्वास टाकतो. नोंग मात्र ती फाइल दुसऱ्या यंत्रावर लावणार, खुर्ची ओढणार आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणार. दीड तासाचा बाप्तिस्मा असला तरी. आम्हालाही तोच नियम, ज्याने जोडलं त्यानेच बघायचं. पाठीमागे आम्ही थट्टा करायचो, की या माणसाने स्वतःच्या लग्नाची फिल्मही तपासूनच घरी नेली असणार. नांग बेलेन मान डोलावताहेत, म्हणजे खरंच असावं.

एकदा गिमारास बेटावरचं गिऱ्हाईक फोनवर भडकलं. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला तर काळाकुट्ट पडदा, पोरीचा वाढदिवस पाण्यात घातलात म्हणाले. दुसरा कुणी असता तर फाइल पुन्हा पाठवून मोकळा झाला असता. हे बोटीत बसून गेले. टीव्हीच्या मागे दोन खाचा होत्या, त्यातली एक फक्त दुरुस्तीवाल्यांसाठी. यांनी पेन ड्राइव्ह या खाचेतून काढून त्या खाचेत घातला, त्या कुटुंबाबरोबर बसून अख्खी फिल्म पाहिली आणि आंब्यांची पिशवी घेऊन परत आले. काय बिघडलं होतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, काही नाही, जरा धूळ होती.

हसवण्याचं काम इथे संपलं. आता जे सांगायचंय ते माझ्या कागदावर नाही. पण ते सांगितल्याशिवाय मला या सभागृहातून बाहेर पडता येणार नाही. सात वर्षांपूर्वीचं हेच ते सभागृह, आणि माझ्या मागचा हाच तो पडदा.

लेनीबेथ नावाच्या मुलीचं लग्न होतं. सकाळी चर्चमध्ये टिपलेलं लग्न संध्याकाळच्या जेवणात पडद्यावर दाखवायचं, ही आपली सगळ्यांची हौस. ते जोडायचं काम माझ्याकडे होतं. वडील मालवाहू जहाजावर मुख्य आचारी, त्यांना रजा मिळाली नव्हती. त्यांनी जहाजाच्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर दोन मिनिटांचा आशीर्वाद बोलून ठेवला होता. जहाज बंदराजवळ आलं, फोनला जीव आला आणि दुपारी तीनला तो आशीर्वाद आमच्याकडे पोचला.

मी तो जसाच्या तसा फिल्मच्या शेवटी लावला. सुरुवातीची दोन वाक्यं पाहिली, ओठ आणि आवाज जुळत होते, पुढे पाहिलं नाही. मग फाइल बनवायला घेतली तर ती बासष्ट टक्क्यांवर अडकली. पुन्हा लावली, पुन्हा बासष्ट. डिस्क भरली होती. जुना पसारा पुसला, तिसऱ्यांदा लावली आणि सहाला दहा कमी असताना ती झाली. फिल्म नऊ मिनिटांची होती आणि इथे सहाला पोचायचं होतं. बघायला वेळ नव्हता, असं मी सात वर्षं स्वतःला सांगत आले आहे. खरं तर नवरा-नवरी नऊ मिनिटं थांबली असती. लोक तेवढ्यात अजून एकेक बशी उडवून मोकळे झाले असते.

फोनचा कॅमेरा लहरी असतो. उजेड असला की भराभर चित्रं घेतो, अंधारलं की रेंगाळतो. आवाज मात्र घड्याळासारखा सरळ चालतो. ते चित्र आधी सारख्या वेगाचं करून घ्यावं लागतं, हे नोंग सेरापियोंनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. न केल्यास आवाज पुढे जातो आणि चेहरा मागे राहतो.

इथे तेच झालं. वडिलांचा आवाज म्हणाला, "आणि हो, वाजंत्र्यांना जेवल्याशिवाय सोडू नका." लोक हसले, टाळ्या पडल्या. आवाज संपला. पण या पडद्यावर, एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर, ओठ हलतच राहिले. पाच सेकंद. टाळ्यांच्या गडबडीत कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. मी मागे भिंतीला टेकून ते सेकंद मोजत उभी होते.

लग्नानंतर अकराव्या दिवशी ते जहाज वादळात बुडालं. अठरा माणसं होती, एकाचाही देह मिळाला नाही.

त्या नोव्हेंबरात, सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावतं त्या मृतांच्या दिवशी, लेनीबेथ स्टुडिओत आली. तिची आई, नांग पुरिता, मृतासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला तयार नव्हती. फादर देल्फिन दोनदा घरी गेले, त्यांनाही तिने दारातून परत पाठवलं. म्हणायची, त्याचं बोलणं संपलेलं नाही, बोलणाऱ्या माणसासाठी मृतांची मिस्सा कशी सांगू? दर रविवारी टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवून, कान टेकून ती ते पाच सेकंद ऐकायची. लेनीबेथने मला विचारलं, "शेवटी पप्पा काय म्हणतात? तो आवाज बाहेर काढता येईल का?"

तिला त्याच क्षणी सांगता आलं असतं, की बाई गं, ते काहीच वेगळं म्हणत नाहीत, माझ्या हातून चित्र मागे राहिलंय. मी म्हणाले, "अजून तसं तंत्र आलेलं नाही."

दर वर्षी ती त्याच दिवशी यायची, हातात मेणबत्त्या घेऊन. नवं काही आलं का, विचारायची. मी अजून नाही म्हणायचे. पहिल्या वर्षी भीतीने खोटं बोलले. नंतर आधीचं खोटं झाकायला. सहा वर्षं! त्या काळात मला कुणाचंही तोंड आवाजाच्या मागे राहिलेलं दिसायचं. फादर, तुमची प्रवचनं मी ऐकली नाहीत, नुसती बघितली. तुमचं वाक्य संपलं की ओठ थांबतात ना, एवढंच बघत बसायचे. घरी आरसा टाळायचे.

गेल्या वर्षी त्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली. तिला नोंग सेरापियो भेटले. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, कपाटातून त्या वर्षाची डिस्क काढली, कारण हा माणूस काहीही पुसत नाही, आणि मूळ फाइल पाहिली. दोन मिनिटांत त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी मला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पूर्ण पाहिली होतीस?"

"नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुपारभर बसून एकेक चित्र त्याच्या वेळेवर बसवलं, मग मला सोबत घेऊन नांग पुरितांकडे गेले. दारातच म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. फाइल मी तपासली नव्हती." मी शेजारी उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

त्यांनी टीव्हीवर ते लावलं. वाजंत्र्यांना जेवल्याशिवाय सोडू नका, असं आवाज म्हणाला, तेव्हाच ओठही म्हणाले, आणि दोन्ही एकदम थांबले. त्यानंतर तो माणूस क्षणभर तसाच आपल्याकडे बघत राहिला, मग फोन बंद करायला हात पुढे आला. बोलणं संपलं होतं, पण तो लगेच गेला नव्हता. चित्र मागे राहिल्याने शेवटचा तेवढा तुकडा माझ्या फिल्ममधून कापला गेला होता; माझ्या चुकीने तो क्षण इतकी वर्षं त्या घरापासून लपून राहिला होता.

नांग पुरितांनी विचारलं, "झालं का त्याचं बोलून?"

नोंग सेरापियो म्हणाले, "झालं."

"शेवटपर्यंत जेवणाचीच काळजी," असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता भिंतीला धरून खाली बसल्या. त्यांचं ते रडणं मी ऐकलं आहे. सहा वर्षं थोपवलेलं होतं. त्याच आठवड्यात मिस्सा झाली.

मंडळी, नोंग सेरापियोंच्या तीस वर्षांच्या नावावर एकच डाग आहे, आणि तो त्यांचा नाही. आज त्यांना निरोप देताना तो मी परत घेते. नांग पुरिता, लेनीबेथ, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात, मी मघापासून बघते आहे. फाइल मी पाहिली नव्हती. त्या दारात उभी राहून गप्प बसले, तीही मीच. भाषणाच्या शेवटी काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. मी रीत म्हणून म्हणत नाही. मला क्षमा करा. जमलं नाही, तरी तुमचं काही चुकणार नाही.

अध्यक्षांनी मला दिलेली दहा मिनिटं केव्हाच उलटली, तरी कुणी चिठ्ठी पाठवली नाही, याबद्दल मी आपल्या सर्वांची आभारी आहे. आता दिवे मालवतील आणि याच पडद्यावर नोंग सेरापियोंवरची फिल्म लागेल. मीच जोडली आहे. बाहेर वाजंत्री बसलेत, त्यांना आधी वाढायला सांगितलंय.

आणि नोंग, फिल्म मी शेवटपर्यंत पाहिली आहे.